ट्रायग्लिसराइड, यकृत आणि एफजीएफ २१: कुणी वाचलंय का याबद्दल?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं टेक्निशियन आहे. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल.

गेल्या वैशाखात घरात लग्न होतं. मांडवपरतणं झालं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या भावजींच्या पोटात कळा सुरू झाल्या. कळ पार पाठीपर्यंत जायची, उलट्या थांबेनात. घरचे ओवा दे, सोडा दे करत होते. जेवणावळींमुळे गॅस धरला असेल असंच सगळ्यांना वाटलं. मी गेले तेव्हा भावजी पलंगावर गुडघ्यांना छाती लावून पुढे वाकून बसले होते, आडवं होऊच शकत नव्हते. ते बघून माझ्या पोटात धस्स झालं.

रक्त मीच काढलं. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली की वरती फिकट पिवळं, आरपार दिसणारं सीरम असतं. दिवसाला साठ-सत्तर नळ्या तशा बघते. भावजींच्या नळीत वर निरसं दूध ओतल्यासारखं दिसत होतं. नळीमागे लेबल धरलं, एक अक्षर दिसेना. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, डायल्यूट करून लावावं लागलं. आकडा आला २,१४०, हवा १५० च्या आत. स्वादुपिंडाला सूज होती. नऊ दिवस रुग्णालयात, त्यातले चार आयसीयूत.

उरलेलं सीरम मी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं होतं. जुन्या शिक्षकांनी शिकवलेली पद्धत. सकाळी नळीत वर साय धरली होती आणि खालचा भाग तरीही गढूळच होता. साय म्हणजे कायलोमायक्रॉन, आतड्यातून आलेली, जेवणातली चरबी. खालचा गढूळपणा व्हीएलडीएलचा, म्हणजे यकृताने स्वतः बांधून रक्तात सोडलेली चरबी. दोन्ही वाटा तुंबलेल्या.

आता जे सलतंय ते सांगते. भावजी घरी आल्यावर जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीचा दुसऱ्या गावच्या लॅबचा रिपोर्ट निघाला. ट्रायग्लिसराइड ६४०. आणि एलडीएलच्या चौकटीत नुसती आडवी रेघ. घरच्यांनी अर्थ काय लावला, तर एलडीएल काही निघालंच नाही, म्हणजे चांगलंच! तेव्हाच्या डॉक्टरांनीही साखरेची गोळी वाढवली आणि पान उलटलं. खरं तर बहुतेक लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित लागू पडत नाही, म्हणून चौकट रिकामी सोडतात. ती रेघ म्हणजे धोक्याची खूण होती आणि घरात कुणालाच ती वाचता आली नाही. रिपोर्ट माझ्याकडे आणला असता तर, हा विचार अजून झोपू देत नाही.

तेव्हापासून यकृत चरबी इतकी का सोडतं हे वाचत सुटलेय. त्यात एफजीएफ २१ नावाचा पदार्थ पुन्हा पुन्हा समोर येतो. नाव 'ग्रोथ फॅक्टर'चं, काम मात्र संप्रेरकाचं आणि परिणाम थेट ट्रायग्लिसराइडवर. जाणकारांनी सांगावं, हे नेमकं काय आहे? माझ्या शिक्षणात हे नव्हतं.

पेशीपुराण

ताई, भावजी सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी यकृताच्या पेशींवर काम करतो, पीएचडीची काही वर्षं याच गोष्टीत गेली. जमेल तेवढं लिहितो.

आधी नावाबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९७० च्या दशकात गाईच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कात एक पदार्थ सापडला. तो फायब्रोब्लास्ट पेशींवर टाकला की त्या भराभर वाढायच्या. म्हणून फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर, एफजीएफ. पुढे माणसात असे २२ भाऊबंद निघाले. बहुतेकांचं काम खरंच वाढीशी, जखम भरण्याशी किंवा गर्भातल्या अवयवांच्या घडणीशी निगडित आहे. पण १९, २१ आणि २३ हे तिघे घराण्यात वेगळे निघाले.

२१ क्रमांक जपानमधल्या क्योटो विद्यापीठात नोबुयुकी इतो यांच्या गटाने २००० साली शोधला. मुख्यतः यकृतात बनतो, एवढंच तेव्हा कळलं. करतो काय, कुणालाच माहीत नव्हतं. २००५ मध्ये एली लिली कंपनीतल्या अलेक्सेई खारितोनेन्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी तो उंदराच्या चरबीपेशींवर टाकून पाहिला. त्या पेशी ग्लुकोज ओढून घेऊ लागल्या. मग लठ्ठ, मधुमेही उंदरांना तो टोचला, तर साखर उतरली आणि ट्रायग्लिसराइडही उतरलं. मुख्य म्हणजे पेशींची संख्या वाढली नाही. म्हणजे नाव वाढीचं असलं तरी वाढवण्याचा गुण यात जवळजवळ नाहीच. २००७ मध्ये मधुमेही ऱ्हिसस माकडांना सहा आठवडे देऊन पाहिलं. ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल कमी झालं, एचडीएल वाढलं.

आता तुमच्या नळीकडे येऊ. रक्तातली ही चरबी मोठमोठ्या गोळ्यांमध्ये बांधलेली असते. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) बसलेलं असतं. ते गोळा फोडून स्निग्धाम्लं मोकळी करतं आणि शेजारची चरबीपेशी किंवा स्नायू ती उचलतो. एफजीएफ २१ वाढवला की चरबीपेशी रक्तातला हा माल जास्त वेगाने उचलतात. २०१६ मध्ये उंदरांवर हे नीट दाखवलं गेलं. पांढरी आणि तपकिरी, दोन्ही प्रकारची चरबी यात भाग घेते. दुसरीकडे यकृत स्वतःची चरबी जास्त जाळतं आणि व्हीएलडीएल कमी सोडतं. म्हणजे तुमच्या नळीतली साय आणि खालचा गढूळपणा, दोन्हींवर हा काम करतो. ताई, तुम्ही फ्रिजमध्ये ठेवून जे पाहिलंत ते पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात.

पेशीला हा निरोप ऐकायचा तर नुसता ग्राहक (रिसेप्टर) पुरत नाही, सोबत बीटा-क्लोथो नावाचं प्रथिन लागतं. ते चरबीपेशींत, यकृतात आणि मेंदूच्या काही भागांत असतं, म्हणून निरोप तिथेच पोचतो. आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तशी ग्रीकांची क्लोथो आयुष्याचं सूत कातते. १९९७ मध्ये जपानच्या माकोतो कुरो-ओ यांना एक जनुक सापडलं, ते बिघडलं की उंदीर अकाली म्हातारे होत. त्याला तिचं नाव दिलं. बीटा-क्लोथो हे त्याचं भावंड.

बाणेरकर

उत्तम धागा. एक शंका. केस गळतात म्हणून माझ्या मित्राने इथल्या एका क्लिनिकमध्ये ग्रोथ फॅक्टरची इंजेक्शनं घेतली, जीएफसी म्हणतात त्याला. हे तेच का? त्याचं कोलेस्टेरॉल त्याने बदलेल का?

पेशीपुराण

नाही, ते वेगळं. त्यात आपल्याच रक्तातल्या बिंबिकांमधून (प्लेटलेट्समधून) निघालेले घटक टाळूत टोचतात. ते जिथे टोचले तिथेच काम करतात. बहुतेक एफजीएफसुद्धा असेच स्थानिक. पेशींच्या भोवती हेपरान सल्फेटचं जाळं असतं, त्याला ते चिकटून बसतात, गाव सोडत नाहीत. १९, २१ आणि २३ यांची ही चिकटण्याची ताकद फार कमी. म्हणून ते निसटून रक्तात येतात आणि लांबच्या अवयवापर्यंत जातात. एका ग्रंथीतून निघून रक्तामार्गे दुसरीकडे काम करणं हे संप्रेरकाचं लक्षण, म्हणून त्यांना संप्रेरकासारखे ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

उपासतापास

मी असं वाचलं की उपवास केला की एफजीएफ २१ वाढतं. मग आपले नवरात्राचे नऊ दिवस, चातुर्मास, एकादशी हे ट्रायग्लिसराइडला औषधच म्हणायचं का? माझे १९ आणि २१ यांच्यात गोंधळ होतोय तेही सांगा. मी गेली बारा वर्षं नवरात्र धरते आणि मनापासून धरते, म्हणून विचारतेय.

पेशीपुराण

छान प्रश्न, आणि इथेच उंदीर आणि माणूस वेगळे होतात.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, एक बॉस्टनचा आणि एक डॅलसचा, दाखवलं की उंदराला उपाशी ठेवलं की यकृतात एफजीएफ २१ झपाट्याने वाढतं. त्याची कळ पीपीएआर-अल्फा नावाच्या प्रथिनाकडे असते. उपाशीपणी चरबी जाळायचा हुकूम हेच प्रथिन देतं. पण २००८ मध्ये स्वीडनमध्ये माणसांवर पाहिलं, तर दोन दिवसांच्या उपवासाने काही फरक पडला नाही. सात दिवस निराहार राहिल्यावर पातळी ७४ टक्क्यांनी वाढली. नंतरच्या एका अभ्यासातही आठवडा उलटल्यावरच वाढ दिसली. म्हणजे माणसात हा उपवासाचा निरोप नाही, लांबलेल्या उपासमारीचा आहे.

आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू आणि गोड ताक असा फराळ झाला की यकृताच्या दृष्टीने तो उपवास नव्हेच. ताई, तुम्ही श्रद्धेने धरता त्याबद्दल पूर्ण आदर आहे. ट्रायग्लिसराइडचा विचार करायचा असेल तर भगर बेताची, दही, काकडी, राजगिऱ्याची भाजी असं काही ठेवा आणि साखर टाळा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला.

आणखी एक नवलाची गोष्ट. ७५ ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यात विरघळवून पाजलं की माणसाच्या रक्तात एफजीएफ २१ दोन तासांत सरासरी तिपटीहून जास्त होतं. दारूनेही ते चांगलंच वाढतं. उपासमारीतही वाढतं आणि गोडाधोडानेही, असं का? प्रथिनं कमी पडली तरी वाढतं, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. माझं स्वतःचं मत असं की हा यकृताचा 'माझ्यावर ताण आलाय' असा निरोप आहे, मग ताण कुठलाही असो. उंदरांमध्ये हा निरोप मेंदूत पोचला की गोडाची आणि दारूची ओढ कमी होते, तेही या समजुतीशी जुळतं.

१९ बद्दल नंतर लिहितो, लॅबमध्ये जायचंय.

आजोळ

मी ६३ वर्षांची, मधुमेह १४ वर्षं, फॅटी लिव्हर. मला सॅरोग्लिटाझार चालू आहे. पेशीपुराण यांनी पीपीएआर लिहिलंय, माझ्या गोळीच्या माहितीपत्रकातही तोच शब्द आहे. म्हणजे माझी गोळी एफजीएफ २१ वाढवते का? आणि ही पातळी रक्तात तपासून घ्यावी का? मुलगा म्हणतोय मुंबईला होत असेल तर करू.

तालुक्याचा_डॉक्टर

आजी, तपासू नका. पैसे वाया जातील आणि आकडा हातात आला तरी त्यावरून आम्हाला काहीच ठरवता येणार नाही. लठ्ठपणात, मधुमेहात, फॅटी लिव्हरमध्ये ही पातळी आधीच वाढलेली असते. २००८ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी लठ्ठ माणसांत ते दाखवलं. वर स्वीडनच्या अभ्यासाचा उल्लेख झाला, त्यात निरोगी माणसांतसुद्धा एकाची पातळी दुसऱ्याच्या २५० पट इतका फरक होता. जास्त आहे म्हणजे चांगलं असं समजू नका. इन्सुलिनचं जसं होतं तसंच: यकृत ओरडतंय आणि चरबीपेशींचे कान बधिर झालेत.

तुमच्या गोळीबद्दल. सॅरोग्लिटाझार भारतातच विकसित झालं, २०१३ मध्ये मधुमेहींच्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी त्याला इथे मंजुरी मिळाली. ते पीपीएआरच्या अल्फा आणि गॅमा या दोन्ही प्रकारांवर काम करतं. फेनोफायब्रेट, ट्रायग्लिसराइडची जुनी गोळी, फक्त अल्फावर. स्वीडनच्याच अभ्यासात फेनोफायब्रेटने एफजीएफ २१ थोडं वाढलेलं दिसलं. पण या गोळ्यांचा गुण इतर बऱ्याच वाटांनीही येतो, सगळं श्रेय एकाला देता येणार नाही. तुम्ही गोळी नियमित घ्या, एवढंच.

धागाकर्त्या ताईंनी ६४० च्या रिपोर्टचं लिहिलंय ते वाचून मी आज ओपीडीत पाच जुने रिपोर्ट पुन्हा उघडले. आमच्याकडून असं होतं हे मान्य करतो. सगळ्यांचं लक्ष एलडीएलवर. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेह अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड होते. त्याचे २०१४ मध्ये आलेले आकडे असे: एलडीएल जास्त ११.८ टक्के लोकांत, ट्रायग्लिसराइड जास्त २९.५ टक्क्यांत आणि एचडीएल कमी ७२.३ टक्क्यांत. आपलं दुखणं ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलच्या बाजूला झुकलेलं आहे.

आणि बारीक अंगकाठीवर जाऊ नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझ्या ओपीडीत येणारे कितीतरी सडपातळ शेतकरी आतून याज्ञिकांसारखे असतात.

व्यवहारात लक्षात ठेवायचं: १५० च्या आत ठीक. ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाची काळजी सुरू होते, हजाराच्या वर धोका खराच. अशा वेळी दारू पूर्ण बंद, साखर आटोक्यात, थायरॉइड तपासायचं, कुठल्या औषधाने तर वाढलं नाही ना ते बघायचं. हजाराच्या वर असेल तर तेल-तूप सगळंच कमी, 'चांगलं' तेलसुद्धा.

विक्रांत_८८

मस्त माहिती. मी जिममध्ये जातो. ऑनलाइन पेप्टाइड विकणाऱ्यांकडे ग्रोथ फॅक्टरच्या कुप्या मिळतात, संशोधनासाठी असं लिहून. माझं ट्रायग्लिसराइड ३१० आहे. एफजीएफ २१ चं औषध यायला वर्षं लागणार, तर थोडा डोस घेऊन बघायला काय हरकत आहे? आमच्यातले दोघंतिघं घेतात काहीतरी.

कृष्णाकाठची

विक्रांत, तुला अरेतुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा असशील. घेऊ नकोस रे.

कुपीत काय आहे हे तुला कोण सांगणार? आम्ही लॅबमध्ये रिएजंटची बाटली दोन अंश गरम झाली तरी कंट्रोल लावून बघतो, आणि तू कुरिअरने उन्हातून आलेली कुपी पोटात टोचणार? शिवाय वर पेशीपुराण यांनी लिहिलंय ते वाच, ग्रोथ फॅक्टर या नावाखाली वीस गोष्टी आहेत. काहींचं कामच मुळी पेशी वाढवणं आहे. वाढू नये ती पेशी वाढली तर?

३१० हा आकडा तुझ्या हातातला आहे. रात्री काय खातोस, सामोसा-कोल्ड्रिंक किती, शनिवारी बसणं होतं का, ते लिही. सॅम्पल देताना १२ तास उपाशी होतास का तेही सांग.

विक्रांत_८८

ताई, बसणं होतं. आठवड्यातून दोनदा. आणि जिमनंतर रोज मोठा ग्लासभर ज्यूस, साखर घालून. सॅम्पल मात्र उपाशीपोटीच दिलं होतं. कुपी नाही घेणार.

पेशीपुराण

विक्रांत, शहाणा आहेस. त्या ज्यूसपासून सुरुवात कर.

उपासतापास ताईंना १९ बद्दल सांगायचं राहिलं होतं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बनतं, जेवणानंतर पित्ताम्लं तिथे पोचली की. मग यकृताला निरोप जातो: पित्त पुरे, आता नवीन बनवू नकोस. पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासूनच बनतात, त्यामुळे इथे एक मजेशीर अडचण उभी राहते. १९ सारखं औषध, अल्डाफर्मिन, फॅटी लिव्हरच्या रुग्णांना दिलं तेव्हा यकृतातली चरबी कमी झाली पण एलडीएल वाढलं. पित्ताकडे जाणारं कोलेस्टेरॉल तसंच शिल्लक राहिलं ना! सोबत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, द्यावी लागली. सख्खी भावंडं, पण रक्तातल्या चरबीवर १९ आणि २१ चे परिणाम असे वेगळे.

आता २१ च्या औषधाचं. मूळ प्रथिन रक्तात एक-दोन तासही धड टिकत नाही, म्हणून ते बदलून टिकाऊ करावं लागतं. लिलीने २०१३ मध्ये लठ्ठ मधुमेही माणसांवर २८ दिवस चाचणी केली. सगळ्यांना आशा साखरेची होती. साखर फारशी हललीच नाही, पण ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल उतरलं. उंदरावर विसंबून चालत नाही ते असं. तिथून सगळा रोख चरबी आणि यकृताकडे वळला.

ताई, तुम्हाला सगळ्यात जवळची चाचणी पेगोझाफर्मिनची, म्हणजे असंच टिकाऊ केलेल्या २१ ची. २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात आली. ट्रायग्लिसराइड ५०० ते २,००० असलेले ८५ रुग्ण, आठ आठवडे, पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. औषध घेणाऱ्यांत ट्रायग्लिसराइड ५७.३ टक्क्यांनी उतरलं, नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत ११.९ टक्क्यांनी. यकृतातली चरबीही बरीच घटली. मळमळ आणि जुलाब हे त्रास दिसले. २०२५ मध्ये रोशने पेगोझाफर्मिनवाली कंपनी आणि नोव्हो नॉर्डिस्कने एफ्रुक्सिफर्मिन या तशाच दुसऱ्या औषधाची कंपनी विकत घ्यायचे करार केले, म्हणजे मोठे खेळाडू गंभीर आहेत.

माझी काळजी हाडांची आहे. २०१२ मध्ये उंदरांत एफजीएफ २१ ने हाडं विरळ झालेली दिसली. माणसांतल्या एका औषधाच्या चाचणीत हाडांच्या झिजेचे निर्देशांक हलले होते. आठ आठवड्यांच्या चाचणीत याचं उत्तर मिळत नाही, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांकडे बघावं लागेल. आजोळ आजींच्या वयाच्या बायकांना हे औषध देताना तर नक्कीच.

आजोळ

माझी हाडं आधीच ठिसूळ सांगितली आहेत. बरं झालं लिहिलंत. तपासणी रद्द केली, मुलाला हा धागा वाचायला दिला.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. पेशीपुराण, तुम्ही 'माझ्यावर ताण आलाय' असं लिहिलंत ते मनात घर करून राहिलं. भावजींचं यकृत दोन वर्षं तेच सांगत असणार. ते ऐकायला महागडी तपासणी लागली नसती, ६४० हा आकडा कागदावर छापलेलाच होता.

आमच्या लॅबमध्ये मी मालकांना विनंती केली, त्यांनी ऐकली. आता ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की एलडीएलच्या चौकटीत नुसती रेघ जात नाही. मराठीत छापतो: 'ट्रायग्लिसराइड फार वाढल्यामुळे हे मोजता आले नाही. डॉक्टरांना आजच दाखवा.' आणि ५०० च्या वर असेल तर पेशंटला मी स्वतः फोन करते. गेल्या महिन्यात अकरा फोन केले.

भावजींनी दारू सोडलीय. फेनोफायब्रेट आणि इन्सुलिन चालू आहे, संध्याकाळी बांधावरून चालून येतात. आज सकाळी १२ तास उपाशी ठेवून त्यांचं सॅम्पल घेतलं. नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली आणि मागे लेबल धरलं. त्यांचं नाव, वय, तारीख, सगळं वाचता आलं. १८६. पुढचं सॅम्पल तीन महिन्यांनी, इथे आकडा टाकते.